लहान मुलांचा फुटबॉल संघ: कडेला कोणी बसणार नाही

भीमजयंतीच्या फुटबॉल सामन्यांसाठी आम्ही वस्तीतील मुलांचा संघ उतरवला, तेव्हा आमच्या हातून एक चूक झाली. सरावाला १४ मुले येत होती. त्यातली 'चांगली' ७ आम्ही निवडली, बाकीच्यांना कडेला बसवले. नऊ वर्षांच्या एका मुलाने दोन्ही सामने सर्वांच्या चपला सांभाळल्या. आम्ही जिंकलो, मिरवणुकीत नाचलो. दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा मैदानावर आलाच नाही.

बाबासाहेबांना शाळेत बसायला घरून गोणपाट न्यावे लागे, हे आपण दरवर्षी भाषणात सांगतो. या दोन गोष्टी सारख्या नाहीत, हे आम्हाला कळते. पण 'तू यांच्यातला नाहीस' हे मुलाला न बोलताही कळते. वाशीम जिल्ह्यातील अनेक गावांत तरुण आता विहाराजवळच्या मोकळ्या जागेत मुलांना फुटबॉल शिकवू पाहत आहेत. त्यांच्यासाठी, आमच्या चुकीतून शिकलेले इथे मांडत आहोत.

नागपुरात काय घडले?

२००१ साली नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांना झोपडपट्टीतील मुले पावसात एका तुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना दिसली. त्यांनी मुलांना खरा फुटबॉल दिला. त्यातूनच 'स्लम सॉकर' उभे राहिले. २०१६ मध्ये या संस्थेला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये आलेला नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा चित्रपट बारसे यांच्याच कामावर बेतलेला आहे. सुरुवात कुठून झाली, ते लक्षात घ्या. बारसे सरांनी निवड चाचणी घेतली नव्हती. जी मुले खेळत होती, त्यांच्याच हाती चेंडू दिला.

सराव कसा घ्यावा?

बारा वर्षांखालील मुलांना मोठे मैदान आणि अकरा-अकराचा संघ नको. एवढ्या गर्दीत दोन-तीन धीट मुलेच चेंडू घेऊन पळतात, बाकीची नुसती मागे धावतात. चार-चारचे छोटे संघ करा. विटा ठेवून गोल आखा आणि एकाच वेळी दोन सामने लावा. प्रत्येकाच्या पायाला चेंडू लागेल.

मोठ्यांचा ५ नंबरचा चेंडू लहान पायांना जड जातो. आठ वर्षांखालील मुलांना ३ नंबरचा आणि आठ ते बारा वयाच्या मुलांना ४ नंबरचा घ्या. डोक्याने चेंडू मारायला शिकवू नका. मेंदूच्या काळजीपोटी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांच्या सरावातून हेडिंग बंद केले.

एक वही ठेवा. कोण किती मिनिटे खेळले, गोलकीपर कोण झाले, ते लिहा. आम्ही लिहायला लागलो तेव्हा दिसले की रोज तीच दोन मुले गोलमध्ये उभी राहत होती. आता सगळ्यांची पाळी लागते.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो. सराव सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर, तासाभरापेक्षा जास्त नको. दर पंधरा मिनिटांनी पाणी द्या. माठ एकच असावा आणि वस्तीबाहेरची मुले आली तर त्यांनीही त्याच माठातले पाणी प्यावे.

मुली आणि बाहेरगावी जाणारी मुले

मुली येत नाहीत, अशी तक्रार आपण करतो. संध्याकाळी पाणी भरणे, धाकट्यांना सांभाळणे हे कोणाच्या वाट्याला येते? आम्ही घरोघरी जाऊन आयांना विचारले, मुलींच्या सोयीची वेळ ठरवली आणि वस्तीतील एका ताईला प्रशिक्षक म्हणून सोबत घेतले. मैदानावर कायम दोन मोठी माणसे असावीत. मुलांसोबत एकटे कोणी राहू नये.

दिवाळीनंतर काही कुटुंबे कामासाठी गाव सोडतात. चार-पाच महिन्यांनी परतलेल्या मुलाला 'तुझी जागा गेली' असे सांगू नका. त्याचे नाव वहीतून खोडू नका.

नियम आपल्याच हातात

जयंतीच्या सामन्यांचे नियम कोणी वरून पाठवत नाही, समितीच ठरवते. मग पुढच्या वर्षी लहान गटासाठी एवढेच ठरवा: नाव नोंदवलेले प्रत्येक मूल किमान अर्धा सामना खेळेल, नाहीतर संघ बाद. कडेवरून मुलांवर ओरडणाऱ्या मोठ्यांना पंच मैदानाबाहेर पाठवतील.

आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो आणि त्याच्यासमोर चूक कबूल केली. चार दिवसांनी तो आला. त्याचा पास अजूनही चुकतो. चपला मात्र आता ज्याच्या त्याने सांभाळायच्या.

जयभीम!