लग्नाला कोऑर्डिनेटर घ्यावा काय? आधी आपली माणसं मोजा



तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे माणसांची लग्नं सुरू होतात. पौष सोडला तर मे संपेपर्यंत पाळी, वेळगे, सुर्ल, न्हावेली भागात कुठे ना कुठे मांडव उभा असतोच. हल्ली सोसायटीत आलेला सभासद हिशेब झाला की हळूच विचारतो, "मुलगी म्हणते कोऑर्डिनेटर घेऊया. घ्यावा काय? की पैसे फुकट?" काउंटरवर उभ्या-उभ्या अर्धं उत्तर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहिलेलं बरं.

पहिल्यांदा शब्दाचा घोळ मिटवू. प्लॅनर म्हणजे सुरुवातीपासून सगळं ठरवणारा: हॉल, जेवण, सजावट, पाहुण्यांच्या खोल्या. 2010 मध्ये 'बँड बाजा बारात' आला आणि घराघरात कळलं की असाही धंदा असतो. कोऑर्डिनेटर त्यापेक्षा धाकटा. ठरवायचं आपण, आणि शेवटच्या काही दिवसांत आणि प्रत्यक्ष लग्नादिवशी ते पार पाडायचं त्याने. गोव्यात हे काम मुख्यतः किनाऱ्यावरच्या हॉटेलांत, बाहेरून येणाऱ्या लग्नांसाठी वाढलं. आता तिथे शिकलेली मुलंमुली डिचोली, साखळीची कामंही घेतात. आपल्या घरच्या लग्नात प्रश्न येतो तो या धाकट्याचा.

खरं म्हणजे हा माणूस आपल्याकडे होताच. फक्त त्याला पगार नव्हता. मांडवाला वाड्यावरचे दहा जण, रांधप्याकडे सामान मोजून द्यायला एक काका, वऱ्हाडाची बस कुठे पोचली ते बघायला मामा, भटजींना काय हवं-नको ते विचारायला आत्या. कुणी कुणाला सांगत नव्हतं, प्रत्येकाला आपापलं काम माहीत होतं. आता ते काका सत्तरी ओलांडून बसलेत. पुतण्या हॉटेलात शिफ्टला, भाचा बोटीवर किंवा गल्फात. रजा मिळते दोन दिवसांची, तीही हळदीच्या संध्याकाळपासून. मग होतं काय, तर सगळी कामं नवरीच्या बापाच्या आणि आईच्या डोक्यावर येतात. मंगलाष्टकं चालू असताना बाप मागे जनरेटरवाल्याला फोन लावतोय, आई भांडाराची किल्ली शोधतेय, आणि अक्षता पडतात त्या दोघांच्या पाठीमागे. हे चित्र तुम्ही-आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. कोऑर्डिनेटरचा पैसा द्यायचाच असेल तर तो यासाठी द्यावा, स्टेजवरच्या धुरासाठी नाही.

म्हणून आमचं सांगणं एवढंच की पैशांच्या आधी माणसं मोजा. एक वही घ्या. लग्नाच्या दिवशी पहाटे पाच वाजल्यापासून हॉलची किल्ली परत करेपर्यंतचं प्रत्येक काम लिहा: फुलं उतरवून घेणं, पाण्याचा टँकर, वऱ्हाडाचा चहा, भटजींची दक्षिणा, आहेराची पाकिटं सांभाळणं, उरलेल्या जेवणाचं काय, कचरा कोण उचलणार. प्रत्येकासमोर एका माणसाचं नाव घाला, आणि त्या माणसाला फोन करून विचारा. "आमचे सगळे आहेत की" हे उत्तर चालणार नाही. सगळे असतात तेव्हा कुणीच नसतो. एकच नाव पाच ठिकाणी आलं तर ती चार कामं रिकामीच समजा.

रिकाम्या जागा दोन-तीन निघाल्या तर कोऑर्डिनेटर नको. ओळखीतला चलाख मुलगा दिवसाचे पैसे देऊन ठेवा, भागतं. लग्न देवळाच्या सभागृहात, पाहुणे अग्रशाळेत, रांधपी नेहमीचा, माणसं तीनशे, असं असेल तर देवस्थानची आणि रांधप्याची माणसं निम्मं काम सांभाळून घेतात. पण लग्न एकीकडे आणि रिसेप्शन दुसरीकडे, वऱ्हाड बेळगावहून नाहीतर सिंधुदुर्गातून, आणि घरात धावपळ करणारा एकच जाणता पुरुष, असं असेल तर घ्या. अशा वेळी त्यात कमीपणा मानायचं कारण नाही.

आता पैसे. कुणी एकरकमी घेतो, कुणी लग्नाच्या एकूण खर्चाची टक्केवारी सांगतो. टक्केवारी आम्हाला पटत नाही. खर्च वाढला की ज्याची कमाई वाढते तो तुम्हाला काटकसर कशी शिकवणार? एकरकमी बोला. शिवाय थेट विचारा, "मांडववाला, केटरर, फोटोग्राफर यांच्याकडून तुला काही मिळतं काय?" मिळत असेल तर तो गुन्हा नाही, धंद्यात चालतं. पण मग त्याने सुचवलेल्या दराला दुसरीकडचा दर लावून बघायचा हक्क तुमचा. त्याची जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर 18 टक्के चढतील. सांगितलेला आकडा त्यासकट की त्याशिवाय, हे पहिल्याच बैठकीत लिहून घ्या.

आणि हा खर्च कर्जातून करू नका. खाणपट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. 2012 च्या ऑक्टोबरात खाणी थांबल्या, पुन्हा 2018 च्या मार्चमध्ये थांबल्या, तेव्हा ट्रक अंगणात उभे होते आणि हप्ते मात्र चालूच होते. आपली मिळकतही तशीच. 1 जून ते 31 जुलै बंदी, म्हणजे मेमधल्या लग्नाचा पहिला हप्ता बरोबर रिकाम्या खिशात येतो.

दोन गोष्टी कुठल्याच कोऑर्डिनेटरला देता येत नाहीत. एक म्हणजे देवाचं. कौल-प्रसाद, कुळाराला नारळ, राखणदाराला गाऱ्हाणं, हे गावच्या जाणत्या माणसानेच घालायचं. बाहेरच्या मुलाला सांगून ठेवा की या वेळेला मायक्रोफोन आणि ड्रोन दोन्ही बंद. दुसरं रजिस्टरचं. गोव्यात 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा अजून चालतो. तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे मुलाने-मुलीने स्वतः जाऊन पहिली सही करायची, हरकतींची मुदत जाऊ द्यायची, मग साक्षीदारांसमोर दुसरी सही. मुहूर्ताच्या आदल्या आठवड्यात जाग आली तर कुणाचीही ओळख उपयोगी पडत नाही. याच कायद्यात आणखी एक मेख आहे. लग्नाआधी नोटरीकडे वेगळा करार केला नाही तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, आणि लग्नानंतर तो प्रकार बदलता येत नाही. घर असो, होडी असो. सामाईक ठेवणं वाईट असं आम्ही म्हणत नाही, उलट सुनेला त्यात आधार आहे. पण होडी दोन भावांच्या नावावर असेल तर वकिलाला अगोदर विचारा. सजावटीच्या रंगावर महिनाभर बोलणी चालतात, यावर दहा मिनिटं कुणी देत नाही.

निवडताना मोबाईलवरचे फोटो बघून भुलू नका. फोटोत फुलं दिसतात, उशीर दिसत नाही. त्याने आपल्या बाजूला, म्हणजे डिचोली, सत्तरी, पेडणे भागात केलेल्या शेवटच्या तीन लग्नांची घरं विचारा आणि तिथे फोन करा. कळंगुटच्या हॉटेलात वीज, पाणी, पार्किंग हॉटेलवाला बघतो. इथे शेतात मांडव असतो आणि बस वळवायला जागा नसते. फोनवर विचारायचं ते एकच: काहीतरी बिघडलं तेव्हा तो कुठे होता? लाईट गेली, भात कमी पडला, बस चुकली, काहीतरी झालेलंच असतं. "आमच्याकडे काहीच बिघडलं नाही" म्हणणाऱ्या घराला पुन्हा एकदा विचारा.

मग त्याला विचारा, त्या मुहूर्ताला तुझी दुसरी किती लग्नं आहेत? चांगला मुहूर्त सगळ्यांनाच चांगला असतो. बोलणी करायला साहेब येतात आणि लग्नादिवशी दोन नवी पोरं पाठवतात, हा प्रकार होतो. जो उभा राहणार त्याचं नाव कागदावर हवं. लाऊडस्पीकरची परवानगी कोण काढणार, रात्री 10 नंतर आवाज बंद करायला कोण सांगणार, रिसेप्शनला दारू ठेवणार असाल तर एक्साइजचा परवाना कुणाच्या नावाने, हेही त्याच कागदावर. घरातल्या मोठ्या माणसांशी तो कसा बोलतो ते बघून घ्या. आजीला "मॅडम" म्हणणारा चालेल, पण आजीचं ऐकून न घेणारा चालणार नाही.

ॲडव्हान्स थोडा द्या, बाकी टप्प्याटप्प्याने, शेवटचा हिस्सा लग्न पार पडल्यावर. प्रत्येक रकमेची पावती घ्या. कागद असेल तर सेवेत कसूर झाल्यावर ग्राहक आयोगाकडे जाता येतं, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. तोंडी बोलणीवर तिथे उभं राहणं कठीण.

कागदात आणखी दोन ओळी घालून घ्या, कारण छापील करारात त्या बहुतेक नसतात. सुतक आलं आणि तारीख पुढे गेली तर दिलेले पैसे नव्या तारखेला धरणार काय? आणि पाऊस आला तर? 2025 मध्ये मान्सून 24 मेला केरळात आणि लगोलग गोव्यात पोचला. मेच्या शेवटच्या आठवड्यात उघड्यावर मांडव घालणार असाल तर पत्र्याचा की कापडाचा, आणि वाढीव पैसे कुणाचे, हे आजच ठरवा.

राहिलं जेवण. लग्नादिवशी शिवराक, ते केटररला माहीत असतं. दुसऱ्या दिवशीच्या मासळीच्या जेवणाचं मात्र कोऑर्डिनेटरच्या हाती देऊ नका. तो ताटाच्या दरात "इसवण" लिहून टाकतो, आणि मेमध्ये इसवणीचा भाव भडकला की ताटात पडतो तुकड्याचा तुकडा. करारात "त्या दिवशी मिळेल ती ताजी मासळी" असं लिहा, चणक, तामसो, शेवटे, सुंगटं, जे येईल ते. किती माणसं ते आठ दिवस अगोदर सोसायटीत सांगून ठेवा, आणि पहाटे मासळी घ्यायला घरचाच माणूस पाठवा.