डाय ग्राइंडर घेताय? आधी आरपीएम बघा

पिरंगुट-उरवडे पट्ट्यात डीबरिंगचं जॉबवर्क सुरू करायचं म्हणताय, तर डाय ग्राइंडर लागणारच. भोकाच्या आत, खाचेत, साच्याच्या कोपऱ्यात, जिथे अँगल ग्राइंडरचं चाक पोचत नाही, तिथे याचं काम.

हवेवर चालणारा स्वस्त दिसतो, हाताला हलकाही असतो. पण छोटा कॉम्प्रेसर त्याच्यासाठी सारखा धावतो आणि वीजबिल तुम्ही भरता! एकट्याने सुरुवात करत असाल तर इलेक्ट्रिकच घ्या, 6 मिमी कॉलेटचा. स्पीड कमी-जास्त करता येणारा मिळाला तर चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

का? बरेच इलेक्ट्रिक डाय ग्राइंडर 25,000 ते 30,000 आरपीएमने फिरतात. 25 मिमीचा माउंटेड पॉइंट 28,000 वर लावला, तर त्याची कड सेकंदाला जवळपास 37 मीटर पळते. पॉइंटचा कमाल आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी असेल तर तो लावायचाच नाही. फुटला तर तुकडा थेट तोंडावर. दांडी कॉलेटबाहेर जास्त काढली की ही मर्यादा आणखी खाली येते, आणि आत पोचायचं म्हणून कामगार नेमकं तेच करतात. गॉगल हवाच, सैल हातमोजे नकोत.

ॲल्युमिनियमला मोठ्या दातांचा कार्बाईड बर वापरा. स्टीलचा बारीक दातांचा लगेच भरतो. दाबू नका, फिरू द्या.

रेट सांगताना बरचा खर्च धरायला विसरू नका. एका बरमध्ये किती नग निघतात, ते पहिल्याच लॉटला मोजून वहीत लिहा.