गिटार का घोंघावते?

गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात हॉलचे दिवे डिमरने मंद केले, की मुलांच्या बँडमधली इलेक्ट्रिक गिटार घोंघावू लागते. ॲम्प्लिफायरला उगाच दोष देतो आपण! सिंगल-कॉइल पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे. गिटारच्या तारांच्या कंपनांबरोबर ते इथल्या अमेरिकन विजेची ६० हर्ट्‌झची गुणगुणही टिपतात. (भारतात ती ५० हर्ट्‌झची, म्हणजे जरा खालच्या पट्टीतली.)

आम्ही आधी वादकाला जागच्या जागी हळूहळू फिरायला सांगतो. दिशेनुसार आवाज कमीजास्त झाला, तर जवळचा डिमर किंवा ट्रान्सफॉर्मर कारण समजावं आणि लांब उभं राहावं. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल, तर बहुधा गिटारच्या आतलं शील्डिंग अपुरं आहे. हंबकर पिकअप घेतला तर प्रश्न बराचसा मिटतो. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये तो तयार केला: दोन कॉइल्स, वेढे उलटे, चुंबकही उलटे. त्यामुळे गुणगुण एकमेकींना खोडते, सूर मात्र राहतो.

काहीजण प्लगची तिसरी, गोल पिनच काढून टाकतात. गुणगुण कधीकधी थांबते खरी. पण ॲम्प्लिफायरमध्ये बिघाड झाला तर १२० व्होल्ट थेट तारांत, म्हणजे मुलाच्या बोटांत येऊ शकतात, आणि ओठ मायक्रोफोनला लागलेले असतात. त्यापेक्षा दिवे पूर्ण लावून गाणं झालेलं बरं.