कमठाण्याची वाट : सोबतीची आणि चढाओढीची

व्यापारी मनुष्य आणि सायकल यांचा संबंध आपल्या सीमाभागात जुना आहे. आठवडी बाजार गाठणे, गावोगावची उधारी वसूल करणे, अडतीवर येणाऱ्या तुरीमुगाचा नमुना आधीच पाहून येणे, ही कामे आपल्या वडीलधाऱ्यांपैकी कित्येकांनी सायकलवरूनच केली. धोतराचा सोगा साखळीत अडकू नये म्हणून तो पोटरीशी आवळून बांधलेला, खांद्याला पिशवी आणि पिशवीत वही, असे त्यांचे रूप अनेक वाचकांच्या डोळ्यांपुढे असेल. त्या काळी सायकल ही हौस नव्हती. ती दुकानाचीच एक फिरती शाखा होती. पुढे मोटारसायकल आली, मोटार आली, आणि सायकल ओसरीच्या कोपऱ्यात जाऊन बसली.

तीच सायकल आता निराळ्या रूपाने परत आली आहे. पुणे, नाशिक, कोल्हापूर या शहरांत सुटीच्या दिवशी पहाटे सायकलस्वारांचे थवे बाहेर पडतात, आणि ही आवड हळूहळू लहान गावांतही उतरू लागली आहे. अशाच एका लहानशा मंडळीबरोबर आम्ही गेली काही वर्षे दर रविवारी बीदरहून कमठाण्यापर्यंत जात आलो आहोत. वयाची पन्नाशी ओलांडल्यावर लागलेले हे वेड घरच्यांच्या थट्टेचा विषय आहे, हे प्रारंभीच कबूल करतो. परंतु त्या वाटेवर जे पाहावयास मिळाले, ते आपल्या बंधुवर्गाच्या विचारास उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हे चार शब्द लिहिण्याचे धाडस केले आहे.

कमठाणा आमच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. बीदरपासून दहा-बारा किलोमीटरांवरचे हे गाव. पार्श्वनाथाच्या प्राचीन मंदिरामुळे दूरदूरची मंडळी तेथे येतात. कोणी मोटारीने येतात, कोणी पायी येतात. पहाटेच्या वेळी या रस्त्यावर दूधवाले, शेताकडे निघालेली माणसे, बैलगाड्या आणि अनवाणी चालणारे यात्रेकरू यांचीच वर्दळ अधिक असते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

आमच्या मंडळीत बारा-पंधरा जण असतात. डाळमिलवाल्याचा मुलगा, बँकेतील कारकून, एक शिक्षक, एक तरुण डॉक्टर, टायरच्या दुकानात काम करणारा एक पोरगा. शहराची शेवटची घरे मागे पडेपर्यंत सर्व जण गप्पा मारीत सावकाश चालतात. त्यानंतर मात्र बोलणे कमी होते, पाठी वाकतात, आणि कोणी काही न सांगता वेग वाढू लागतो. या शर्यतीला पंच नाही, पदक नाही, वर्गणी नाही. जिंकणाऱ्याने सर्वांना चहा पाजावयाचा, हा एकच नियम. जिंकणे ही बाब येथे जमेच्या बाजूस न पडता खर्चाच्या बाजूस पडते. तरीही जिंकण्यासाठी प्रत्येक जण जिवाचे रान करतो, ही मनुष्यस्वभावाची गंमत आहे.

या चढाओढीचे मर्म कळावयास वाऱ्याचा हिशेब समजून घ्यावा लागतो. सपाट रस्त्यावर वेग ताशी ३० किलोमीटरांच्या पुढे गेला म्हणजे स्वाराची बहुतेक शक्ती समोरची हवा बाजूस सारण्यातच खर्ची पडते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि त्या विरोधास तोंड देत राहण्यासाठी पायांतून आठपट शक्ती काढावी लागते. मात्र पुढच्या स्वाराच्या चाकामागे हातभर अंतर राखून जो चालतो, त्याच्या वाट्याचा वारा पुढचा झेलतो, आणि मागच्याची पाव ते एक तृतीयांश शक्ती वाचते. इतकी सूट कोणता घाऊक व्यापारी देईल?

परंतु ही सूट कोणाच्या तरी खात्यातून येते. म्हणून ओळीतील प्रत्येकाने आळीपाळीने पुढे यावे, अर्धा-एक मिनिट वारा अंगावर घ्यावा, मग किंचित बाजूस सरून ओळीच्या शेवटी जावे, अशी चाल जगभरच्या सायकलस्वारांत रूढ आहे. एकट्याने जो वेग पाच किलोमीटरही टिकत नाही, तो दहा जणांच्या ओळीत सहज टिकतो. आषाढात पश्चिमेचा वारा आडवा लागला म्हणजे ओळ सरळ न राहता तिरपी होते, आणि प्रत्येक जण पुढच्याच्या बगलेत आडोसा शोधतो. रस्ता वाहता असल्यामुळे ही तिरपी ओळ आपल्या बाजूच्या निम्म्या रस्त्यातच आवरावी लागते. ज्याला आडोसा मिळत नाही त्याची दमछाक होते, आणि पुढच्या फेरीत त्याला आत घेणे हे इतरांचे कर्तव्य ठरते.

या ओळीत दोन प्रकारचे दोष आढळतात. पहिला दोष आळशाचा. सारा वेळ इतरांच्या आडोशाने यावयाचे आणि शेवटच्या दोनशे मीटरांत ताज्या दमाने पुढे निसटावयाचे. असा मनुष्य जिंकतो, नियमाने त्याला कोणी अडवू शकत नाही. परंतु त्या दिवशीचा चहा थोडा थंड लागतो. वर्गणीच्या वेळी न दिसणारे आणि पंगतीस पहिले बसणारे सभासद कोणत्या संघात नसतात? दुसरा दोष बलवानाचा, आणि तो ओळखण्यास अधिक कठीण. अंगात बळ आहे म्हणून पुढे येताच तो वेग एकदम वाढवतो. ओळ तुटते, मागचे दोघे-तिघे सुटतात, आणि थोड्याच वेळात तोही वाऱ्यात एकटा पडतो. जुने जाणते स्वार यासाठी एकच उपदेश करतात : ज्याच्यापाशी बळ अधिक आहे त्याने वेग वाढवू नये, आपली पाळी वाढवावी. मोठ्या भांडवलाच्या पेढीने बाजारात कसे वागावे, याचे याहून थोडक्यात उत्तर आम्हास ठाऊक नाही.

पाळी वाटून घेण्याचे सामर्थ्य किती, याचे एक उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या शर्यतीत उतरले. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर. एकाने सायकल चालवावी, तेवढ्यात दुसऱ्याने विसावा घ्यावा, आणि रात्रंदिवस चाक थांबू देऊ नये, असा दोघांच्या संघाचा क्रम. ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत त्यांनी ती पूर्ण केली, आणि ती पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. दोन वर्षांनी, २०१७ साली, लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी हीच वाट एकेकट्याने पार केली.

रस्त्यावरील शर्यतीची परंपरा आपल्याकडे नवी नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीचे नाव जुन्या पिढीच्या तोंडी आहे. बोरघाटाच्या चढावर जो पहिला येई त्याला 'घाटाचा राजा' म्हणून गौरवीत, आणि शर्यत जिंकणाऱ्याइतकाच त्याचाही बोलबाला होई. आपल्या कर्नाटकात विजापूर, बागलकोट, जमखंडी या कोरडवाहू पट्ट्याने एकामागून एक नामांकित सायकलपटू दिले. परंतु अशा शर्यतीला संघटना असते, पंच असतात, पुढे-मागे गाड्या असतात, चौकात पोलीस उभे असतात. आमच्या रविवारच्या शर्यतीला यांपैकी काहीच नव्हते; आणि त्याची किंमत एके दिवशी समोर आली.

तीन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षातली गोष्ट. तेव्हा आमची शर्यत कमठाण्याच्या पाटीपाशी, घरांना लागून संपत असे. त्या दिवशी वारा पाठीचा होता, आणि आयुष्यात प्रथमच आम्ही शेवटच्या टप्प्यात पहिल्या तिघांत होतो. नजर पुढच्याच्या चाकावर आणि पाटीवर खिळलेली. डावी-उजवीकडे रस्ता आहे याचेही भान नव्हते. शेताच्या वाटेने एक वृद्ध गृहस्थ सायकलला दुधाच्या दोन किटल्या लावून रस्त्यावर आले. आमचे हँडल त्यांच्या किटलीला लागले. आम्ही पुढे जाऊन पडलो, ते जागीच बसले. त्यांचा गुडघा सोलून निघाला होता, आणि पांढरे दूध डांबरावरून ओघळत होते. पुढच्यांना काही कळले नव्हते. पाटीपाशी कोण जिंकले याचा वाद रंगात आला होता.

आम्ही खिशात होते तेवढे पैसे त्यांच्यापुढे धरले. त्यांनी ते मोजले, सांडलेल्या दुधाची किंमत तेवढी ठेवून घेतली आणि बाकीचे परत दिले. मग कानडी वळणाच्या मराठीत ते म्हणाले, "दुधाचं झालं तेवढं घेतलं बाबा. गुडघ्याचं काय घ्यायचं? तुम्ही पुढं बघून चालवा, रस्ता तुमच्या एकट्याचा नाही." सारा जन्म तराजूपाशी घालविलेल्या आम्हाला इतका चोख व्यवहार क्वचितच भेटला असेल. त्या दिवशी टपरीवर चहा झाला, पण जिंकणाऱ्याचे नाव कोणी काढले नाही.

पुढील रविवारी सायकली बाजूस लावून बैठक झाली. डॉक्टरांनी ऑस्ट्रेलियातील एक हकीकत सांगितली. मेलबर्न शहराच्या किनाऱ्यावरील रस्त्यावर दर शनिवारी सकाळी शेकडो स्वारांची एक जंगी स्वारी निघत असे. तिलाही पंच नव्हते, संघटना नव्हती. तिचे रूढ नावच 'हेल राइड', म्हणजे नरकस्वारी. ऑगस्ट २००६ मध्ये मेंटोन येथे लाल दिवा असता काही स्वार तसेच पुढे घुसले, आणि रस्ता ओलांडणाऱ्या ७७ वर्षांच्या एका पादचाऱ्याचा त्यात बळी गेला. धडक देणाऱ्यास ४०० डॉलर दंड झाला, कारण धोकादायक वाहन चालविण्याची मोटारींसाठी असलेली कलमे तेव्हा सायकलस्वारास लागू नव्हती. पुढे लोकक्षोभानंतर त्या राज्याने कायदा कडक केला. आमच्या पदरात सांडलेले दूध आणि सोललेला गुडघा आला; मेलबर्नकरांच्या पदरात मृत्यू आला. दोहोंतील अंतर केवळ दैवाचे होते.

साहजिकच वडीलधाऱ्यांपैकी काहींनी चढाओढ अजिबात बंद करावी असे सुचविले. तेव्हा शिक्षकांनी इंग्लंडचा दाखला दिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील सायकल संघटनेने, पोलिसांचा रोष नको म्हणून, रस्त्यावरील सामुदायिक शर्यतींवर स्वतःच बंदी घातली. मग स्वार पहाटे, काळे कपडे घालून, एकेकटे घड्याळाशी शर्यत करीत, आणि मार्गाची नावेसुद्धा सांकेतिक असत. जवळजवळ अर्धे शतक असे गेले. ७ जून १९४२ रोजी पर्सी स्टॅलर्ड या गृहस्थाने लँगॉलन ते वुल्व्हरहॅम्प्टन अशी सामुदायिक शर्यत घडवून आणली. ती चोरून नव्हे, तर मार्गातील पोलीस अधिकाऱ्यांस आधी कळवून आणि त्यांचे साहाय्य घेऊन. शर्यत सुखरूप पार पडली. संघटनेने मात्र स्टॅलर्डलाच बाहेर काढले. फुटलेल्या दोन तटांचा समेट व्हावयास १९५९ साल उजाडावे लागले. नुसत्या बंदीने चढाओढ मरत नाही, ती अंधारात जाते. आणि शिस्त लावली तर ती उजेडात नांदू शकते, एवढा बोध त्यातून आम्ही घेतला.

अखेर सर्वानुमते ठराव झाला. शर्यतीची हद्द गावाच्या पाटीवरून एक किलोमीटर अलीकडे, जेथे शेताची वाट रस्त्यास मिळत नाही, अशा एका चिंचेच्या झाडापाशी आणावी. रस्त्याची मधली रेघ जो ओलांडील त्याची जीत धरू नये. माणूस, जनावर किंवा खड्डा दिसताच पुढच्याने हाक द्यावी आणि ती शेवटपर्यंत पोहोचवावी. यात्रेच्या व सणाच्या दिवशी, जेव्हा पायी चालणारे अधिक असतात, तेव्हा शर्यतच करू नये. कोणी पडला तर सर्वांनी थांबावे. आणि चिंचेपासून गावापर्यंतचे अंतर सर्वांनी एकत्र, घंटी वाजवीत, सावकाश चालावे. वेग कमी झाला काय? मुळीच नाही. हद्द ठाऊक असल्यामुळे चिंचेपर्यंतची चढाओढ पूर्वीपेक्षा अधिक चुरशीची होते. ते दूधवाले गृहस्थ अजूनही वाटेत भेटतात, घंटी ऐकून एक हात वर करतात, आणि आमच्यापैकी कोणी ना कोणी उतरून त्यांची विचारपूस करतो.

बाजारात चढाओढ राहणारच. ती नसती तर आपल्यापैकी कोणाचेही दुकान पहाटे उघडले नसते. प्रश्न एवढाच, की वाऱ्याची आपली पाळी आपण घेतली काय, आणि आपली शर्यत कोठे थांबवावयाची हे आपण आधी ठरविले काय. आपापल्या घरच्या तरुणांना रविवारी पहाटे उठू द्यावे, त्यांच्या डोक्यावर शिरस्त्राण आहे की नाही हे मात्र पाहावे, आणि जमल्यास एखादे दिवशी स्वतः त्यांच्या ओळीच्या शेवटी लागावे. चिंचेपर्यंत खुशाल एकमेकांस मागे टाकावे. गावात मात्र सर्वांनी मिळून शिरावे.