डबा घेतला, पण परत काढून पाहिलं का?

आमच्या कोंढ्यात बचत गटांचे हिशेब, ठराव, कर्जाच्या नोंदी आता लॅपटॉपवर असतात. तो बिघडला तर? म्हणून आम्ही दोन हार्डडिस्कचा एक डबा घेतला. त्याला ‘नास’ म्हणतात. वायरीने तो वायफायच्या राउटरला जोडला. रोज रात्री लॅपटॉपमधल्या फाईलींची नक्कल आपोआप त्यात उतरते.

महिनाभर आम्ही निर्धास्त. मग एकदा त्यातून सगळं मुद्दाम परत काढून पाहिलं. फोटो आले, कर्जखात्याचं फोल्डरच नव्हतं! सुरुवातीला त्यावर खूण करायचीच राहिली होती. बरं, लॅपटॉप तेव्हा शाबूत होता.

दोन डिस्क आहेत म्हणून निश्चिंत राहू नका. एक बिघडली तर दुसरी तारते. पण डब्यातली फाईल चुकून पुसली, तर ती दोन्हींतून एकदमच जाते. त्यासाठी जुन्या प्रती राखण्याची सोय चालू करावी लागते.

आणि ऑगस्ट २०२० चा वैनगंगेचा पूर आपला पवनी तालुका विसरलेला नाही. घरात पाणी शिरलं तर लॅपटॉप आणि डबा सोबतच जाणार. म्हणून आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर दुसऱ्या गावच्या मैत्रिणीकडे ठेवली. आता दर महिन्याच्या बैठकीत एक फाईल परत काढतो, उघडतो आणि आकडे वहीशी ताडून पाहतो.