राबता

अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल इमारतींच्या गराड्यात सापडली आहे. सुमारे २०० फूट उंचीचा हा बसाल्टचा सुळका जवळपास साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडला. खांबाला खांब लावून रचावेत तशी त्याची कड दिसते. असाच खांबाखांबांचा सुळका अमेरिकेत वायोमिंगमध्ये आहे, डेव्हिल्स टॉवर. १९०६ साली तो त्या देशाचं पहिलं राष्ट्रीय स्मारक झाला. गिल्बर्ट हिलला १९५२मध्ये सरकारी संरक्षण मिळालं, २००७मध्ये महापालिकेनं तिला वारसा-यादीत दुसऱ्या श्रेणीत घातलं. दगडासाठी फोडाफोड मात्र व्हायची ती झालीच. माथ्यावर गावदेवी आहे. खडकातल्या पायऱ्या चढून माणसं आजही ओटी भरायला जातात.

उपनगरांतल्या जुन्या जागा पाहत हिंडलं की एक गोष्ट लक्षात येते. कागद उशिरा येतो, त्याआधी जागा सांभाळतो तो माणसांचा राबता.

अंधेरी पूर्वेला कोंडिविटेची १९ लेणी बौद्ध आहेत, पण रिक्षावाल्याला ‘महाकाली’च सांगावं लागतं. जवळच्या देवीनं लेण्यांना नाव दिलं, रस्त्यालाही दिलं. नवव्या लेण्यात जरा थांबावं. दालनाच्या टोकाला कुडाच्या झोपडीसारखी गोल खोली अखंड खडकात कोरली आहे. तिच्या भिंतीला दगडी जाळ्या आणि आत स्तूप. लाकूडकामाचा हात दगडावर कसा वळला, ते इथं बोटानं दाखवता येतं.

राबता राखतो तसा बदलतोही. बोरिवलीचं मंडपेश्वर हे सहाव्या शतकाच्या सुमाराचं शैव लेणं. सोळाव्या शतकात पोर्तुगीज पाद्र्यांनी त्याचं प्रार्थनास्थळ केलं, वरच्या अंगाला मठ बांधला. त्याच्या भिंती अजून उभ्या आहेत. लेण्यातल्या एका शिल्पपटावर मूळ आकृती छिलून क्रूस कोरला आहे. त्याच लेण्यात नृत्यमग्न शिव आहे, हात तुटलेले, तरी तोल न गेलेला. १७३९मध्ये वसई मराठ्यांकडे आली, या उपनगरांच्या साष्टी बेटावरचा पोर्तुगीज अंमल सरला. आज गाभाऱ्यातल्या पिंडीवर बेल वाहिला जातो आणि क्रूसही जागेवर आहे. एकाच लेण्यात दोन्ही वाचता येतात.

राबता तुटला की काय होतं, ते अंधेरी पूर्वेच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात दिसतं. तिथलं सेंट जॉन द बॅप्टिस्टचं चर्च १५७९चं. १८४०च्या सुमारास साथ आली, गावकरी मरोळकडे सरकले. छप्पर गेलं, भिंतींवर झाडं रुजली. १९७३मध्ये भोवती सीप्झचं कुंपण पडलं. तरी मे महिन्यातल्या एका रविवारी जुन्या गावठाणांतली ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबं आत येतात आणि उघड्या आभाळाखाली मिस्सा होते. वर्षातून एकदाच, पण तेवढ्यानं ते चर्च अजून कुणाचं तरी राहिलं आहे.