आयोवा आधी, न्यू जर्सी शेवटी

४ जून २०२४ ही तारीख आपल्याकडे लोकसभेच्या मतमोजणीमुळे लक्षात राहिली. त्याच दिवशी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी पक्षांतर्गत मतदान, म्हणजे प्रायमरी होती. एडिसन आणि आसपासच्या गावांत स्थायिक झालेले, तिथलं नागरिकत्व घेतलेले मराठी लोकही या राज्याचे मतदार आहेत. पण त्यांना जे विचारलं जात होतं त्याचं उत्तर १२ मार्चलाच मिळालं होतं. त्या दिवशी जो बायडन आणि डोनाल्ड ट्रम्प या दोघांनीही आपापल्या पक्षाच्या उमेदवारीसाठी लागणारा प्रतिनिधींचा आकडा गाठला होता. न्यू जर्सीची पाळी आली ती त्यानंतर बरोबर बारा आठवड्यांनी.

२०१६ साली कॅलिफोर्नियाच्या वाट्याला याहून वाईट आलं. जवळपास चार कोटी वस्तीचं, देशातलं सर्वांत मोठं राज्य. तिथली प्रायमरी ७ जूनला होती. आदल्या संध्याकाळी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं हिलरी क्लिंटन यांची उमेदवारी पक्की झाल्याचं जाहीर केलं. मतदार घराबाहेर पडण्याआधी निकालाची बातमी त्यांच्या घरात पोचलेली होती.

हा क्रम बदलायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र तो कसा बदलायचा यात खरी मेख आहे, कारण आजवरच्या बऱ्याच प्रयत्नांनी दुखणं कमी करण्याऐवजी वाढवलं.

मुळात ही व्यवस्था कुणी एकत्र बसून आखलेली नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखच नाही, मग त्यांच्या उमेदवारीचा कुठून असणार? उमेदवार ठरतो पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात, आणि अधिवेशनात मत देणारे प्रतिनिधी राज्याराज्यांतून येतात. १९६८ पर्यंत या प्रतिनिधींवर बहुतांशी पक्षातल्या बड्या धेंडांचा ताबा असे. त्या वर्षी व्हिएतनाम युद्धावरून डेमोक्रॅटिक पक्ष दुभंगला होता. एकाही प्रायमरीत न उतरलेल्या ह्युबर्ट हम्फ्री यांना शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली आणि बाहेर रस्त्यावर पोलीस तरुणांना झोडपत होते. त्या नामुष्कीनंतर पक्षानं मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग नेमला, नियम बदलले आणि १९७२ पासून उमेदवारी खऱ्या अर्थानं मतदारांच्या हाती आली. पण कोणत्या राज्यानं केव्हा मतदान घ्यायचं, हे आयोगानं ठरवलं नाही. तिथेच सगळं अडलं.

न्यू हॅम्पशायर हे लहानसं राज्य १९२० पासून पहिलं आहे, आणि तेही काटकसरीपायी. तिथे मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी गावोगावी नागरिकांची वार्षिक सभा भरत असे. सभागृह एकदाच उघडावं, एकदाच तापवावं, म्हणून प्रायमरीही त्याच दिवशी ठेवली. पुढे या पहिलेपणाची किंमत कळल्यावर राज्यानं कायदाच केला: आमची प्रायमरी तशा प्रकारच्या दुसऱ्या कोणत्याही मतदानाच्या किमान सात दिवस आधी होईल. बिल गार्डनर या अधिकाऱ्यानं १९७६ ते २०२२ एवढा प्रदीर्घ काळ तारीख पुढेमागे सरकवत हा मान राखला. २००८ साली मार्चमधली ही प्रायमरी ८ जानेवारीपर्यंत मागे आली होती.

आयोवाचं पहिलेपण आणखी योगायोगाचं. नव्या नियमांनुसार तिथल्या प्रतिनिधी-निवडीचे चार टप्पे झाले: आधी वॉर्ड, मग परगणा, मग जिल्हा, मग राज्य. प्रत्येक दोन टप्प्यांत पुरेसं अंतर ठेवणं भाग होतं. राज्य अधिवेशनासाठी डी मॉइन शहरात खोल्या मिळतील अशी तारीख मे महिन्यात निघाली. तिथून उलट मोजत गेल्यावर पहिला टप्पा २४ जानेवारी १९७२ ला आला, न्यू हॅम्पशायरच्याही आधी. आयोवात प्रायमरी नसून कॉकस होतं, म्हणजे पक्षाच्या सभा, त्यामुळे न्यू हॅम्पशायरनं पुढे केलेला कायदाही आड आला नाही. चार वर्षांनी जिमी कार्टर नावाचे, देशाला फारसे माहीत नसलेले जॉर्जियाचे माजी गव्हर्नर आयोवात महिनोन् महिने फिरले. १९७६ च्या कॉकसमध्ये सर्वांत जास्त मतं ‘अद्याप कुणीच नाही’ या गटाला पडली, कार्टर त्याखालोखाल होते. तरी वर्तमानपत्रांनी विजय कार्टरचाच मानला आणि ते अध्यक्ष झाले. तेव्हापासून आयोवाच्या ९९ परगण्यांची वारी चुकवण्याची छाती फार थोड्यांची झाली.

डेमोक्रॅटिक पक्षाचं जुन्या पद्धतीचं कॉकस जवळून पाहण्यासारखं होतं. जानेवारी-फेब्रुवारीतली कडाक्याची थंडी, संध्याकाळी सातची वेळ, शाळेचा व्यायामाचा हॉल. आत आलेली माणसं भिंतीलगत आपापल्या उमेदवाराच्या फलकाखाली जाऊन उभी राहायची. डोकी मोजली जायची. बहुतेक ठिकाणी १५ टक्क्यांपेक्षा कमी माणसं ज्याच्याकडे, तो गट बाद. मग त्या बाद गटातल्या लोकांना ओढायला बाकीचे धावायचे. शेजारी शेजाऱ्याला, मास्तर विद्यार्थ्याच्या आईला पटवायचे, आणि पुन्हा मोजणी. लोकशाहीचं इतकं जिवंत रूप क्वचित दिसतं, हे मी मनापासून मान्य करते. पण त्या हॉलमध्ये रात्रपाळीची नर्स नसायची. तान्हं मूल घरी असलेली आई, बर्फात चालू न शकणारा म्हातारा, दुसऱ्या गावी नोकरीला असलेला माणूस यांच्यासाठी तिथे जागा नव्हती. आणि मत गुप्त नव्हतं: मालकाच्या देखत नोकरानं कोणत्या भिंतीला उभं राहायचं?

मोजणीचं तर विचारूच नका. २०१२ साली रिपब्लिकन कॉकसच्या रात्री मिट रॉम्नी ८ मतांनी पुढे असल्याचं जाहीर झालं. दोन आठवड्यांनी पक्का आकडा आला तेव्हा रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे होते आणि आठ केंद्रांचे निकाल सापडतच नव्हते. तोवर रॉम्नी न्यू हॅम्पशायर जिंकून बसले होते. २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षानं निकाल कळवण्यासाठी आणलेलं ॲप ऐनवेळी कोलमडलं. आकडे यायला कित्येक दिवस लागले, आणि त्यांत इतक्या विसंगती होत्या की असोसिएटेड प्रेसनं विजेता घोषितच केला नाही.

कुणी म्हणेल, कुणीतरी पहिलं असणारच, त्यात एवढं काय? टप्प्याटप्प्यानं मतदान तर भारतातही होतं. २०२४ मध्ये महाराष्ट्रात १९ एप्रिल ते २० मे असं पाच टप्प्यांत मतदान झालं. पण नागपूरनं काय कौल दिला हे मुंबईला मत देताना ठाऊक नव्हतं. सगळ्या यंत्रांची मोजणी एकाच दिवशी होते, आणि शेवटचा टप्पा संपेपर्यंत एक्झिट पोल दाखवायलाही कायद्यानं बंदी आहे. त्यामुळे क्रमाला आपल्याकडे फारसं वजन नाही. अमेरिकेत प्रत्येक टप्प्याचा निकाल त्याच रात्री लागतो. हरलेल्याच्या देणग्या आटतात, जिंकलेल्याकडे कॅमेरे वळतात आणि पुढच्या राज्यापुढची यादी आपोआप छाटली जाते. ब्रायन नाइट आणि नेथन शिफ या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरींचा अभ्यास केला. आधी मत देणाऱ्यांचा प्रभाव नंतरच्या मतदारांच्या पाचपटीपर्यंत जातो, असं त्यांना आढळलं. एका देशाच्या नागरिकांच्या मतांत एवढा फरक, तोही केवळ पत्त्यावरून!

आणि हे पहिले कोण? आयोवा आणि न्यू हॅम्पशायर या दोन्ही राज्यांत ८० टक्क्यांहून जास्त लोक गोरे आहेत. मोठं म्हणावं असं शहर दोन्हींकडे नाही. आयोवा मक्याचं राज्य, त्यातला बराच मका इथेनॉलमध्ये जातो. म्हणून इथेनॉलच्या सवलतींविरुद्ध बोलायला उमेदवार कचरतात. जॉन मॅकेन यांनी २००० साली विरोध केला आणि आयोवात प्रचारच टाळला. टेड क्रूझ २०१६ मध्ये विरोध करूनही जिंकले, हेही सांगायला हवं. लोक पुढाऱ्यांना वाटतात तितके एकसुरी नसतात.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं मला हलकं वाटत नाही. लहान राज्यात पैशाविना उभं राहता येतं. कार्टर मोठ्या राज्यातून सुरुवात करते तर जाहिरातींच्या खर्चातच बुडाले असते. ३ जानेवारी २००८ ला बहुसंख्य गोऱ्या आयोवानं बराक ओबामांना कौल दिला, तेव्हाच दक्षिणेतल्या अनेक कृष्णवर्णीय मतदारांना हा माणूस खरंच निवडून येऊ शकतो असं वाटू लागलं. लहान राज्यापासून सुरुवात करण्याला माझी हरकतच नाही. तीच दोन राज्यं, पिढ्यान् पिढ्या, का, एवढाच माझा प्रश्न आहे.

क्रम मोडायचे प्रयत्न कसे उलटले ते पाहा. १९८४ च्या दारुण पराभवानंतर दक्षिणेतल्या डेमोक्रॅटिक नेत्यांनी आपली राज्यं ८ मार्च १९८८ या एकाच दिवशी आणली. सौम्य विचाराचा, दक्षिणेला रुचेल असा उमेदवार पुढे यावा हा हेतू होता. दक्षिणेची मतं जेसी जॅक्सन आणि अल गोर यांच्यात वाटली गेली, टेक्सस आणि फ्लोरिडा मायकेल डुकाकिस घेऊन गेले, आणि पक्षाला उमेदवार मिळाला मॅसॅच्युसेट्सचा. २००८ मध्ये तर झुंबडच उडाली. वीसहून जास्त राज्यं ५ फेब्रुवारीला येऊन बसली, त्यात न्यू जर्सीही होती. मिशिगन आणि फ्लोरिडा नियम धाब्यावर बसवून जानेवारीत घुसली. पक्षानं त्यांचे प्रतिनिधी रद्द केले, मिशिगनच्या मतपत्रिकेवर ओबामांचं नावच नव्हतं, आणि मे महिन्याच्या शेवटी अर्ध्या मताचा तोडगा निघाला. प्रत्येक राज्य एकटं पुढे धावलं की सगळ्यांचाच श्वास कोंडतो. उमेदवाराला पारखायला लोकांना वेळच उरत नाही.

बायडन यांनी २०२२ च्या अखेरीस वेगळा मार्ग घेतला. २०२४ साठी दक्षिण कॅरोलायना पहिलं, आयोवा मागे, मिशिगन पुढे. २०२० मध्ये बायडन आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले होते. त्यांना वाचवलं दक्षिण कॅरोलायनाच्या कृष्णवर्णीय मतदारांनी. त्या समाजाला आधी बोलू द्यायचं हे तत्त्व न्याय्य होतं. पण ज्या राज्यानं आपल्याला तारलं तेच विद्यमान अध्यक्षानं पहिलं करायचं, हे काही न्याय्य नव्हे. न्यू हॅम्पशायरनं तर पक्षाला जुमानलंच नाही. २३ जानेवारीला आपली प्रायमरी घेतली, बायडन यांचं नाव मतपत्रिकेवर नसताना लोकांनी हातानं लिहून त्यांना जिंकवलं, आणि उन्हाळ्यातल्या अधिवेशनात त्या राज्याच्या प्रतिनिधींना शेवटी जागाही मिळाली. शिक्षेचा धाक असा संपतो.

मिशिगनचं उदाहरण मात्र मोलाचं आहे. मूळचे बेळगावचे श्री ठाणेदार ज्या डेट्रॉइटमधून काँग्रेसवर निवडून गेले आहेत, त्याच शहराच्या परिसरात अरबवंशीय नागरिकांची मोठी वस्ती आहे. २७ फेब्रुवारीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत गाझाच्या युद्धाचा निषेध म्हणून एक लाखाहून जास्त मतदारांनी ‘कुणालाही नाही’ या पर्यायावर खूण केली. त्याची दखल व्हाइट हाउसला घ्यावी लागली. हेच मत जूनमध्ये पडलं असतं तर कुणाच्या खिजगणतीतही नसतं.

मग करायचं काय? सगळ्या देशात एकाच दिवशी प्रायमरी घ्यावी, ही सूचना वुड्रो विल्सन यांनी १९१३ मध्येच केली होती. ऐकायला ती सर्वांत समान वाटते, पण मला ती मान्य नाही. पहिल्याच दिवशी देशभर जाहिरात करू शकणारा धनाढ्य किंवा आधीच प्रसिद्ध असलेला माणूस त्यात जिंकेल. दुसरी योजना राज्यांच्या सचिवांच्या राष्ट्रीय संघटनेची. पूर्व, दक्षिण, मध्य-पश्चिम आणि पश्चिम असे चार विभाग, दर महिन्याला एक, आणि दर निवडणुकीला पहिला विभाग बदलायचा. ती बरी आहे, पण आयोवा आणि न्यू हॅम्पशायरला तीही हात लावत नाही. शिवाय पहिलाच घास अख्ख्या विभागाचा, तो लहान उमेदवाराला गिळता येणार नाही. तिसरी डेलावेअर योजना: सर्वांत लहान राज्यं आधी, सर्वांत मोठी शेवटी. २००० साली रिपब्लिकन पक्षात ती बरीच पुढे सरकली आणि अधिवेशनाच्या तोंडावर बारगळली. मोठी राज्यं कायमची शेवटच्या बाकावर बसायला कशी तयार होतील?

मला पटतो तो मार्ग महाराष्ट्राला चांगला ओळखीचा आहे. आपल्याकडे पालिका निवडणुकीआधी वॉर्डांच्या आरक्षणाची सोडत निघते, शाळेतली मुलं सर्वांसमोर चिठ्ठ्या उचलतात. नगरसेवक चरफडतो, पण चिठ्ठीवर पक्षपाताचा आरोप करता येत नाही. तशीच प्रत्येक विभागातून एक लहान राज्य अशी चार राज्यं सोडतीनं निवडावीत, आणि सोडत वर्षभरच आधी काढावी, म्हणजे कुणाला चार-चार वर्षं आयोवाच्या जत्रेत तळ ठोकता येणार नाही. त्यानंतर दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी राज्यं. एका दिवशी एकूण प्रतिनिधींच्या पाचव्या हिश्शाहून जास्त पणाला लागू नयेत. कॉकस बंद करून सर्वत्र गुप्त मतदान व्हावं. आणि पदवीधर मतदारसंघात आपण देतो तसं पसंतीक्रमाचं मत असावं. २०२० मध्ये पीट बुटिजेज आणि एमी क्लोबुचर यांनी १ आणि २ मार्चला माघार घेतली, तेव्हा ३ मार्चच्या मतदानासाठी त्यांच्या नावाची कितीतरी टपाली मतं आधीच पडली होती आणि ती वाया गेली. दुसरी पसंती लिहिलेली असती तर ती कामी आली असती. अलास्का, हवाई, कॅन्सस आणि वायोमिंगच्या डेमोक्रॅटिक पक्षानं त्याच वर्षी ही पद्धत वापरून दाखवली आहे.

न्यू हॅम्पशायर आपला कायदा सहजी सोडणार नाही, हे उघड आहे. पण अधिवेशनात कुणाचे प्रतिनिधी बसवायचे हा पक्षाचा अधिकार आहे. १९८१ मध्ये विस्कॉन्सिनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो मान्य केला आहे. दोन्ही पक्षांनी एकच वेळापत्रक स्वीकारलं आणि ते मोडणाऱ्या राज्याचे प्रतिनिधी शेवटपर्यंत बाहेर ठेवले, तर या सुधारणेसाठी घटनादुरुस्तीची गरज नाही.